शेजारचा ब्रेक

"पुन्हा एकदा बघा," मास्तर म्हणाले. "तुमचं यंत्र बिघडलंय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा पुन्हा गुंडाळला. फुगा दाबला, सोडला, काटा खाली येताना पाहिला आणि पट्टा काढून ठेवला.

"सकाळपासून बाकी सगळ्यांचं बरोबर दाखवतंय यंत्र."

"मग मी जिना चढून आलो म्हणून असेल."

"दवाखाना तळमजल्यावर आहे, मास्तर."

त्याही त्यांना मास्तरच म्हणत, कारण गाडी शिकल्या होत्या त्यांच्याकडेच. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. गावातल्या अर्ध्या लोकांनी पहिला गियर त्यांच्या शेजारी बसून टाकला होता. पण छोटी गाडी शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी बालवाडी. त्यांचं खरं काम मोठ्या गाडीचं. ट्रकचं सबंध धूड मागे घेत घेत दोन पिंपांच्या मधोमध अलगद कसं बसवायचं, हे त्यांच्यासारखं शिकवणारा दुसरा कुणी नव्हता. हमरस्त्यावर त्यांना पाहून एखादा ट्रकवाला लांबलचक हॉर्न द्यायचा, तेव्हा तो त्यांचा जुना विद्यार्थी आहे हे समजायचं. मास्तर वर बघायचेसुद्धा नाहीत, पण दिवसभर चाल बदललेली असायची.

"मला काहीच होत नाही," ते म्हणाले. "डोकं दुखत नाही, चक्कर नाही."

"हेच तर वाईट आहे या दुखण्याचं. ते दार वाजवून येत नाही." बाईंनी चिठ्ठीवर गोळी लिहिली. "ही रोज सकाळी. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही. मीठ निम्म्यावर आणा, रोज चाला. आणि मास्तर, डोकं जरा थंड ठेवा."

"मोठी गाडी?"

"गोळी लागू पडू दे, आकडा खाली येऊ दे. मग खुशाल शिकवा. पंधरा दिवसांनी दाखवायला या."

मास्तर बाहेर आले. पन्नाशी अजून उंबऱ्यावर होती. सर्दीपडशापलीकडे आजारपण माहीत नव्हतं. वर्गातल्या सगळ्यात गुणी मुलाने पाठीमागे कुणाला तरी चिमटा काढावा आणि आपल्याला ते दुसऱ्याकडून कळावं, तसं त्यांना स्वतःच्या शरीराबद्दल वाटलं.

घरी त्यांनी फक्त बायकोला सांगितलं आणि लगेच बजावलं, "हे कुणाला सांगायचं नाही. ताईला तर मुळीच नाही."

"मी कशाला सांगायला जाऊ?" बायको म्हणाली. तिने मिठाची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली, आणि ती खाली उतरते न उतरते तोच फोन वाजला. फोन ताईचाच होता.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघींचं दिवसातून दोनदा बोलणं झालं नाही तर दोघींनाही अन्न गोड लागत नसे. ताईला कळलं म्हणजे ताईच्या नवऱ्याला, मास्तरांच्या साडूला, कळलं. आणि साडूला कळलं म्हणजे पाण्याच्या टाकीवरून भोंगा लावून सांगितल्यासारखंच.

साडू मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला होता. खुर्ची गेली होती, पण साहेबी अंगातून उतरली नव्हती. वयाने मोठा म्हणून तो मास्तरांना अरे-तुरे करी, मास्तर त्याला अहो-जाहो करत. इतक्या वर्षांत कुठल्याही घरगुती जेवणावळीत मास्तरांची ओळख करून देताना तो म्हणायचा, "हे आमचे साडू. ड्रायव्हर आहेत." मग थोडं थांबून, "म्हणजे, ड्रायव्हर तयार करतात." त्या थांबण्यात लोक हसून घेत.

दोन दिवसांनी तो हातात खोकं घेऊन दारात उभा राहिला.

"घे. बीपी मोजायचं मशिन. घरी ठेव आणि रोज बघत जा. दुर्लक्ष करू नकोस हां, मास्तर. आमच्या ऑफिसात एक होता, असाच धडधाकट. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हातात पेन तसंच!"

मास्तरांच्या बायकोने पदर तोंडाशी नेला.

"भाऊजी, काहीतरीच काय बोलता!"

"अगं, सावध करतोय. दुसरं कोण सांगणार त्याला?"

मास्तरांनी खोकं घेतलं. "चहा घेणार?" असं विचारलं आणि उत्तर न ऐकता आत गेले. बायको मागोमाग आली तेव्हा ते नळ सोडून नुसते हात धूत उभे होते.

"मी फक्त ताईलाच..." ती म्हणाली.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं तर मास्तरांनी ते गिळलं असतं. असं बरंच त्यांनी आजवर गिळलं होतं. पण आठवड्याभरात स्कूलच्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मालक वयाने लहान, वागायला मऊ. वाईट बातमी सांगायची असली की ते टेबलावरच्या वस्तू सरळ लावत बसायचे. त्या दिवशी त्यांनी पेनं, टाचण्यांची डबी आणि कॅलेंडर, सगळं सरळ लावलं.

"मास्तर, यापुढे मोठ्या गाडीवर तुम्ही नको. छोटी गाडीच घ्या."

"का?"

"तुमच्या तब्येतीचं कळलं. ट्रकमध्ये काही झालं तर? विद्यार्थी, रस्त्यावरची माणसं..."

"डॉक्टरांनी आकडा उतरेपर्यंतच थांबायला सांगितलंय. गोळी चालू आहे. त्यांना विचारा."

"विचारीन ना. पण मनात शंका आली की आली, हो. तुमचे साडूच आले होते परवा, मुद्दाम. फार काळजी वाटते त्यांना तुमची. म्हणाले, आमचा मास्तर स्वतःहून सांगायचा नाही, तुम्हीच लक्ष ठेवा."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजपर्यंत ही नुसती बोलायची रीत असं त्यांना वाटत होतं. त्या दिवशी ती आग पोटऱ्यांतून, पाठीतून, मानेतून वर जाताना त्यांना कळली. कानांत ढोल वाजू लागले. ते उठून बाहेर आले. अंगणात ट्रक उभा होता, आणि त्यांनीच तयार केलेला एक तरुण शिक्षक त्याच्या पायरीवर पाय ठेवून किल्ली फिरवत उभा होता. मास्तरांना पाहून तो खाली उतरला, मान खाली घालून.

"मी नाही म्हणालो होतो, मास्तर."

"चढ वर," मास्तर म्हणाले. "आणि चढताना दांडा धर. दार धरून चढू नकोस."

त्या दिवसापासून मास्तरांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. या माणसाला हात दाखवायचा. कसा, ते माहीत नव्हतं. सकाळी गोळी गिळताना ते साडूला मनातल्या मनात चार शब्द ऐकवत. संध्याकाळी चालायला जाताना रोज नवी वाक्यं जुळवत आणि त्या भरात इतकं भरभर चालत की बायको मागून हाका मारी. अळणी भाजीचा घास तोंडात घोळवताना त्यांना वाटे, आपल्या ताटातलं मीठ त्याने नेलं, ट्रक त्याने नेला, उद्या आपल्यासाठी दोन अश्रू गाळायलाही तोच पुढे येईल.

मग शिकार स्वतःच्या पायांनी चालत आली.

साडूने नवी गाडी घेतली. आयुष्यभर ऑफिसची गाडी आणि ऑफिसचा ड्रायव्हर, त्यामुळे मागच्या सीटवर बसण्यापलीकडे त्याला गाडीतलं काही येत नव्हतं. तो स्कूलमध्ये आला, फी भरली, आणि मालक हसत मास्तरांना म्हणाले, "घरचाच माणूस आहे, तुम्हीच घ्या."

पहिल्या दिवशी साडू उन्हाचा चष्मा लावून आला. बसल्या बसल्या त्याने आरसा फिरवून आधी स्वतःचा भांग पाहिला.

"मास्तर, मला अगदी अ-आ-ईपासून नको सांगूस. मला सगळं समजतं. तीस वर्षं मागे बसून बघतोय."

"हो ना," मास्तर म्हणाले. "करा सुरू."

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकवणाऱ्याने पेडल दाबलं की तारेने जोडलेलं शिकणाऱ्याचं पेडलही आपोआप खाली जातं. हे शेजारचं पेडल म्हणजे मोठी अवघड वस्तू. नवा शिक्षक घाबरून ते सारखं दाबतो. गाडी थांबते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपणच थांबवली. असा विद्यार्थी महिनाभर छान चालवतो आणि एकटा बाहेर पडला की पहिल्याच वळणावर भिंतीत जातो, कारण त्याच्या पायाला थांबायचं कधी कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून मास्तर प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगत, पाय पेडलवर टेकवायचा नाही, अधांतरी ठेवायचा. मूल चालायला शिकतं तेव्हा आपण हात मागे धरतो, त्याला धरत नाही. चुकू दे, धक्का बसू दे. अगदीच जिवावर बेतलं तरच दाब. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही विद्यार्थी असा बिघडला नव्हता.

पहिल्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला. साडूचा पाय जागेवरून हललासुद्धा नाही. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली. साडूचा बूट पेडलवर पोचला तेव्हा पेडल आधीच खाली गेलेलं होतं.

"बघितलंस?" साडू म्हणाला. "काय थांबवली!"

मास्तर सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. साडूने चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाला, "तुला वाटलं असेल, या वयात काय शिकणार हा. प्रतिक्रिया बघ माझी. नाहीतर तुझ्यासारखं बीपी असतं तर धडपडलो असतो."

मास्तरांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"वा, साडूभाऊ," ते म्हणाले. "काय हलका पाय आहे तुमचा!"

तिथून सुरुवात झाली.

रोज सकाळी साडू गाडी चालवी आणि मास्तर गाडी थांबवत. सिग्नल आला, मास्तरांचा पाय. खड्डा आला, मास्तरांचा पाय. इतका हळुवार की पाण्याने भरलेला पेला डॅशबोर्डवर ठेवला असता तरी हिंदकळला नसता. साडूचा बूट मागून येऊन आयत्या पेडलवर टेकायचा आणि साडूच्या चेहऱ्यावर कारंजं उडायचं. आयुष्यात कुणाला शिकवताना मास्तरांनी इतकं कसब पणाला लावलं नव्हतं. आणि तोंडाने कौतुक चालूच. "असा पाय जन्मजात लागतो. शिकवून येत नाही." साडूला त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शिडी काढून घेतली.

लायसन्सच्या चाचणीच्या दिवसाचं चित्र त्यांच्या मनात तयार होतं. चाचणी साडूच्या स्वतःच्या गाडीत. शेजारी परीक्षक, त्याच्या पायाखाली पेडल नाही. मास्तर दोरीच्या पलीकडे, लोकांत उभे. साडू ऐटीत निघणार, पांढऱ्या रेषेवर थांबायचं असणार, आणि गाडी रेषेवरून, दोरीवरून, टायरच्या ढिगाऱ्यात जाणार. मास्तर रोज या चित्रात थोडी भर घालत. कधी परीक्षकाची टोपी उडे, कधी साडूचा चष्मा.

"चाचणीला सगळ्यांना बोलवा की," त्यांनी सुचवलं. "तुमच्या ऑफिसातलेही येतील."

"बोलावलंय!" साडू म्हणाला. "तिथूनच सगळ्यांना जेवायला नेणार आहे."

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडला आणि काट्याकडे पाहून मान डोलावली.

"छान उतरलंय. गोळी लागू पडली. पण चेहराही उजळलाय तुमचा. काय करता?"

"छंद लागलाय एक," मास्तर म्हणाले.

"उत्तम. चालू ठेवा."

मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. तो कागद घेऊन ते तसेच मालकांकडे गेले. मालकांनी कागद वाचला, टाचण्यांची डबी सरळ केली.

"आनंद आहे. पण मास्तर, आता लोकांच्या कानावर गेलंय ना. ट्रकचे विद्यार्थी विचारतात, ते आजारी मास्तर नाहीत ना म्हणून. थोडं निवू दे. बघू पुढे."

म्हणजे काटा खाली आला तरी नाव वरच राहिलं. मास्तरांना जी थोडीफार टोचणी लागली होती, तीही त्या दिवशी मेली.

चाचणीच्या आदल्या रविवारी सकाळी दाराशी हॉर्न वाजला. मास्तर बाहेर आले. साडूची नवी गाडी फुटपाथच्या कडेला नाक घासून, आचका देऊन बंद पडलेली. साडू खिडकीतून हात हलवत होता आणि मागच्या सीटवर ताई मूठ आवळून बसली होती.

"चला!" साडू ओरडला. "सगळ्यांना चक्कर मारून आणतो. मागच्या गल्लीतून पहिल्या गियरमध्ये आलो, एकटा!"

"एकटे कसले?" ताई म्हणाली. "मी काय सामान आहे?"

"तुमच्याकडे लायसन्स नाही अजून," मास्तर म्हणाले.

"शेजारी तू बसशील ना, शिकवणारा. फक्त या कंपनीचा ब्रेक जरा घट्ट आहे रे. तुझ्या गाडीसारखा नाही. नवीन आहे, होईल सैल."

मास्तरांनी त्याच्या पायाखालच्या पेडलकडे पाहिलं. त्याच वेळी गाडीचं मागचं दार वाजलं. त्यांची बायको चपला घालून केव्हाच ताईशेजारी जाऊन बसली होती.

"अहो, चला ना. भाऊजी एवढं म्हणताहेत."

"तुम्ही दोघी उतरा. आधी आम्ही जाऊन येतो."

"का? आमचं ओझं होतंय?" ताई म्हणाली, आणि दोघी बहिणी हसल्या.

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मास्तरांच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. दोनच दिवस उरले होते. टायरचा ढिगारा, दोरी, ऑफिसातली माणसं, सगळं मांडून तयार होतं. सावकाश जाऊ, त्यांनी मनाशी म्हटलं. रविवार आहे, रस्ता मोकळा आहे, मी आहेच. आणि ते शेजारच्या सीटवर बसले.

मी आहेच, हे खरं नव्हतं. गाडी उतारावर लागली तेव्हा त्यांना ते समजलं. उताराच्या टोकाला चौक होता. चौकाच्या अलीकडे एक म्हातारी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने नातीला धरून रस्ता ओलांडत होती. मास्तरांचा पाय गेला. पायाखाली नवा कोरा गालिचा होता आणि त्याखाली पत्रा.

"ब्रेक, साडूभाऊ."

साडूने ब्रेकवर बूट टेकवला. हलका, जन्मजात. गाडी तशीच उतरत राहिली. साडूने पायाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नुसतं आश्चर्य होतं, नळ सोडला आणि पाणी आलं नाही म्हणजे वाटतं तसलं.

"दाबा! जोरात दाबा!"

"दाबलाय ना!"

मास्तरांनी एका हाताने हँडब्रेक ओढला आणि दुसऱ्याने स्टिअरिंग स्वतःकडे खेचलं. गाडी फुटपाथवर चढली, एका मोकळ्या जागेच्या तोंडाशी ओतलेल्या वाळूच्या ढिगात घुसली आणि नाकापर्यंत रुतून थांबली. म्हातारीने वळून पाहिलं, नातीला जवळ ओढलं आणि काहीतरी पुटपुटत निघून गेली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. सगळे खाली उतरले. साडूने चाकाला बुटाची ठोकर मारली.

"ब्रेक फेल!" तो म्हणाला. "नव्या गाडीचा ब्रेक फेल! मी कंपनीला सोडणार नाही."

"ब्रेक चांगला आहे," मास्तर म्हणाले.

"मग थांबली का नाही? रोज थांबते!"

"रोज मी थांबवत होतो."

वाळू चाकावरून खाली सरकत होती. साडूला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा कानाच्या पाळीपासून तो लाल होत गेला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या वळणापासून."

"कुणी सांगितलं होतं तुला माझ्या वतीने ब्रेक दाबायला?"

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्या वतीने मालकांकडे जायला?"

"मी तुझ्या भल्यासाठी गेलो होतो!"

"मीही तुमच्या भल्यासाठीच दाबत होतो. काळजी वाटायची ना तुमची."

हे वाक्य मास्तरांनी किती संध्याकाळी चालता चालता घासून पुसून ठेवलं होतं. ते जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं. मास्तर त्याची चव घेणार, तेवढ्यात मागून बायको बोलली. आवाज चढवून नाही.

"मी मागे बसले होते."

मास्तरांनी वळून पाहिलं. ती गाडीच्या उघड्या दाराला धरून उभी होती.

"मी बसले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

इतके दिवस जुळवलेल्या वाक्यांत एकही या जागी बसणारं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग ताईकडे गेली आणि तिच्या खांद्यावरची वाळू झटकू लागली. ताईच्या खांद्यावर वाळू नव्हती.

मास्तर खाली वाकले. हातांनी पुढच्या चाकाभोवतीची वाळू उकरू लागले. मग साडूही दुसऱ्या चाकापाशी वाकला, इस्त्रीच्या पँटीसकट. चाकं मोकळी झाल्यावर मास्तर आत बसले आणि गाडी सरळ मागे न घेता, वळवून त्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली. बांधकामासाठी सपाट केलेली लांबरुंद जमीन होती. एक कुत्रंदेखील नव्हतं.

"बसा," ते उतरून साडूला म्हणाले.

"मला नाही शिकायचं तुझ्याकडून."

"तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही. पण गाडी शिकवायची माझी ही पद्धत नाही. बसा."

"तू मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार होतास!"

"हो."

"आणि वर तोंड करून सांगतोस?"

"अहो, बसा आत!" ताई कडाडली. "दोघं मिळून माझा जीव घेत होतात. एकाला तरी धड गाडी थांबवता येऊ दे!"

साडू बसला. मास्तर शेजारी बसले नाहीत. ते पुढे चालत गेले, चांगलं अंतर सोडून वळले आणि गाडीसमोर उभे राहिले.

"हे काय?" साडूने खिडकीतून डोकं काढलं.

"पहिल्या गियरमध्ये, सावकाश या. माझ्यापाशी येऊन थांबा."

"डोकं फिरलंय का? बाजूला हो!"

"शेजारी बसलो तर माझा पाय शिवशिवेल आणि तुम्ही माझ्या पायाकडे बघाल. इथून तुम्हाला दुसरं काही बघता येणार नाही. या."

"अहो, नको!" मागून बायको ओरडली. मास्तरांनी तिच्याकडे न पाहता हात वर केला, वर्ग गप्प करायला करत तसा.

गाडीने आचका दिला आणि निघाली. चालत्या माणसाच्या वेगाने, पण निघाली. काचेमागे साडूचा चेहरा मोठा होत गेला. चष्मा नव्हता. ओठ पांढरे, डोळे विस्फारलेले. इतके दिवस मास्तरांनी मनात रंगवलेला तो हाच चेहरा. तो आता समोर होता, फुकटात, आणि त्यांनी तो डोळे भरून पाहायचं ठरवलं. पण त्यांना दिसलं ते एवढंच, की साडूची मान आखडली आहे. मान आखडली की कंबर आखडते, कंबर आखडली की पाय.

"मान सैल!" ते ओरडले. "खांदे खाली. टाच जमिनीला टेकवा आणि चवड्याने दाबा. अंडं फोडायचं नाहीये, खिळा ठोकायचाय. दाबा!"

साडूने डोळे मिटले नाहीत. दाबला. गाडी नाक खाली घालून, मागची चाकं किंचित उचलल्यासारखी करून थांबली. इंजिनाची ऊब मास्तरांच्या गुडघ्यांना लागली.

साडूने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पाठ वर-खाली होत होती. मग त्याने डोकं वर केलं आणि काचेतून विचारल्यासारखं मास्तरांकडे पाहिलं. त्या बघण्यात साहेब नव्हता.

मास्तरांनी गुडघ्यापासून बंपरापर्यंत वितीने मोजलं. एक वीतही भरली नाही.

"उशिरा दाबलात," ते म्हणाले. "मागे घ्या. पुन्हा."